काचेसारखं पाणी

सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. जलखात्याची बाई गावाला विचारायला आली होती, की ही नदी यापुढे कशाजोगी राखायची? पिण्याजोगी, गुरांजोगी, की नुसती खाणीचं पाणी वाहून न्यायला? गावानं हात वर करून ठरवायचं होतं. पण साऱ्यांच्या नजरा प्रेषित मावुसोच्या हातातल्या बाटलीवर होत्या. तीत नदीचं पाणी लखलखत होतं.

“जन्मभर कोळशाचं काळं पाणी प्यालात!” प्रेषित गरजला. “शुक्रवारी नदी काचेची होईल, म्हणालो होतो. झाली की नाही?”

“झाली! आमेन!”

“मग देवानं धुतलेल्या नदीला सरकारी मोजमाप कशाला? बाईंना म्हणावं, या आता!”

शाळेत साठ पोरांसाठी मक्याची पेज रांधणारी ह्लेंगीवे भिंतीशी उभी होती. पाणी नितळ झालं म्हणून तीही हरखली होती. पण आज सकाळी नदीवर राखेनं पातेलं घासताना पाण्यावर हिरवट साय धरली आणि बघता बघता ती तांबूस झाली. पाण्यात ना बेडूक, ना मासोळी. म्हणून तिनं चुलीतली मूठभर राख पुडीत बांधून आणली होती.

“बाबा, बाटली द्या जरा,” ती पुढे झाली.

“आशीर्वाद हवाय, स्वयंपाकीणबाई?”

“नाही, राख घालायचीय.”

लोक हसले. तिनं त्याच्या हातून बाटली घेतली आणि पुडीतली राख तीत घालून ती खळखळवली. देवाचं पाणी हिरवट झालं, मग गंजासारखं तांबडं. हसू थांबलं.

“चेटूक!” प्रेषित ओरडला.

“चेटूक?” ह्लेंगीवे गर्दीकडे वळली. “मांडलेन्कोसी, तू सांग. तुझ्या मेव्हण्याला, या प्रेषिताला, शुक्रवार कसा कळला?”

बंद खाणीवरचा तो पहारेकरी मान खाली घालून उठला. “खाणीचं पाणी चुना घालून सोडतात. बारा दिवसांपूर्वी, गुरुवारी, चुना संपला. मागेही असंच झालेलं, दुसऱ्या दिवशी नदी नितळ. मीच बोललो याच्याजवळ.”

“आणि तुमच्या प्रार्थनाघराला नवे पत्रे कुणी घातले, प्रेषित?” मागून कुणीतरी विचारलं. “खाणवाल्यांनीच ना?”

प्रेषिताचे डोळे दाराकडे वळले.

जलखात्याची बाई हलक्या आवाजात म्हणाली, “चुन्याशिवाय ते पाणी आंबट असतं. आंबट पाण्यात गाळ तळाशी बसतो, लोखंड विरघळून राहतं. राखेनं आंबटपणा मोडला, तेव्हा ते दिसलं. याहून वाईट धातू दिसतही नाहीत.”

गाव अंगावर येईल हे ह्लेंगीवेला कळत होतं, तरी ती बोलली.

“अकरा दिवस झाले, मी याच पाण्यात तुमच्या पोरांची पेज शिजवतेय. नितळ दिसलं, तपासलं नाही. पोरांना आत्ता दवाखान्यात न्या. मला शिव्या नंतर घाला. पण निघण्याआधी हात वर करा, पिण्याजोगी नदी हवी म्हणून. आणि दर महिन्याला पाणी आपल्यासमोर तपासून घ्या. कुणाच्याही शब्दावर विसंबू नका, माझ्यासुद्धा.”

आधी वर गेले ते पोरांच्या आयांचे हात.