मनोरा उजवीकडे

आमच्या ह्यांना सगळे फोटोमास्तर म्हणतात. स्टुडिओत ह्यांनी स्वतः रंगवलेला एक पडदा होता: नदी, पूल, एका अंगाला तो जगप्रसिद्ध मनोरा आणि दुसऱ्या अंगाला लाल छपरांची रांग. कुणा गिऱ्हाइकाची निगेटिव्ह मिळाली, तिचा उजेड कापडावर पाडला, कोळशाने रेघा मारल्या न् वर रंग चढवला. नवी जोडपी त्यापुढे उभी राहायची आणि बसल्या जागी परदेशी जाऊन यायची.

आमची ठकी त्या पडद्यापुढेच रांगली. "बाबा, हे खरं आहे?" विचारायची. हे छाती फुगवून सांगायचे, "अगदी शंभर टक्के!" झालं! पोरगी शिकली आणि थेट त्या शहरातच जाऊन बसली. तिथल्या इस्पितळात एक्स-रे काढते. बापाने जन्मभर चेहरे काढले, लेक हाडं काढते.

विमानातसुद्धा मी ह्यांच्याशी भांडत होते. "तुमच्या पडद्याने माझी पोर नेली." हे आपले खिडकीला नाक लावून बसलेले, जसं काही मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. म्हटलं, बोला नाहीतर नका बोलू. माझं ठरलं होतं. पोरीला परत घेऊनच यायचं.

ठकी घ्यायला आली. वाळून खारीक झालेली. तिच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीबाहेर समोरच्यांची भिंत. पलंग आम्हाला दिला, स्वतः खाली झोपली. माझा जीव तुटला, पण म्हटलं, आल्या आल्या नको.

दुसऱ्या दिवशी तिला दुपारून कामावर जायचं होतं, म्हणून सकाळीच पुलावर घेऊन गेली. हे पुढे पुढे, लग्नातल्या करवल्यासारखे. मधोमध पोचले आणि थबकले.

"उलटं आहे."

"काय उलटं?"

"मनोरा डावीकडे हवा. हा उजवीकडे आहे." दोन्ही हात पुढे धरून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. मग मटकन बाकावर बसले. "निगेटिव्ह उलटी लावली मी. फोटोमास्तर म्हणे! इतकी वर्षं लोकांना उलटं शहर दाखवलं."

मला हसूच फुटलं. "अहो, त्यातलं कोण येणार होतं इथे पडताळायला!"

"मी आले होते ना," ठकी म्हणाली.

मग हळूहळू सांगितलं तिने. पहिल्या दिवशी एकटीच पोचली. खोली लाल छपरांच्या रांगेत होती. कुणाला विचारलं नाही, म्हणाली हे तर माझ्या ओळखीचं. पडद्यावर छपरं उजवीकडे, म्हणून उजवीकडे वळली ती भलतीकडेच. सामान ओढत हिंडली. शेवटी ह्याच पुलावर येऊन मनोऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "वाटलं, आता बाबा म्हणतील, मान जरा खाली, हं, हस."

"अगं, फोनवर तर म्हणालीस, सगळं पडद्यासारखंच आहे!"

"मग काय सांगणार होते, आई?"

ह्यांनी तोंड फिरवलं. माझा मात्र धीर सुटला. "पुरे झालं. चल आमच्याबरोबर. आपल्याकडे इस्पितळं नाहीत? हाडं काय इथल्याच लोकांना असतात?"

ती हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता त्या पडद्यापुढे उभी राहिले, तर मला तो उलटा दिसेल गं."

"म्हणजे यावंसं वाटतच नाही तुला?"

"रोज वाटतं."

"मग?"

"रोज वाटतं, आई. आणि रोज उठून कामाला जाते."

ह्यांनी डोळे पुसले. मी तिला बाकावर शेजारी बसवलं आणि तिचा हात घट्ट धरून बसून राहिले, तिची कामाची वेळ होईपर्यंत.