उजवीकडे

टेबलावर नऊ वस्तू होत्या. थर्मामीटर, तापाच्या गोळ्यांची पट्टी, अँटिबायोटिकची दुसरी पट्टी, नाकात टाकायचे थेंब, पाण्याची बाटली, अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा, मोबाइलचा चार्जर, उजमाच्या चष्म्याचा रिकामा डबा आणि एक शंख. शिवांगीने उशीवरूनच त्या दुसऱ्यांदा मोजल्या. पहिल्यांदा दहा भरल्या होत्या, कारण आरशातली बाटलीही धरली गेली होती. तिने हात लांब करून थर्मामीटर घेतला. एकशे एक पूर्णांक सहा.

उजमा दारात उभी राहून केस बांधत होती. लातूरच्या क्लासमध्ये ती रसायनशास्त्र शिकवायची आणि शिवांगी भौतिकशास्त्र. तीन वर्षं दोघी एकाच खोलीत राहत होत्या. अंदमानला यायचं उजमानेच ठरवलं होतं आणि समुद्रात बुडी मारायची कल्पना शिवांगीची होती.

"आज कासव दिसणार म्हणे," उजमा म्हणाली. "जाऊ का मी? का थांबू?"

"जा. मी झोपणार आहे."

"नक्की?"

"इथं बसून काय माझ्या कानात बघत राहणार आहेस?"

"बरं. कासवाला तुझा नमस्कार सांगते."

तिच्या चपलांचा आवाज वाळूत लगेच बंद झाला. खिडकीबाहेर माडांच्या मागे समुद्र निळा, सपाट पसरला होता.

सर्दी चेन्नईच्या विमानतळावरच सुरू झाली होती. शिवांगीने ते प्रशिक्षकाला सांगितलं नव्हतं. पाण्याची भीती तिला नव्हती. अर्धापूरजवळच्या शेतातल्या विहिरीत ती केळीच्या खांबाला धरून पोहायला शिकली होती. दाबाची माहिती तर रोज दीडशे पोरांना सांगायची: दर दहा मीटरला एक वातावरण. चार मीटर म्हणजे एक पूर्णांक चार. फळ्यावर हा आकडा अगदी साधा दिसायचा. बुडी मारली त्या दिवशी चार मीटरवर तिच्या डाव्या कानात कुणीतरी सुई खुपसल्यासारखं झालं. प्रशिक्षकाने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक आहे ना? तिनेही वर्तुळ करून दाखवलं. दुखत असताना हो म्हणायची ही सवय घरचीच होती. तिची आई कशालाही 'हाव' म्हणायची.

बेटावरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने कानात बत्ती धरून पाहिलं. पडद्यामागे रक्त साठलंय, वर जंतूही शिरलेत, म्हणाला. आता पाण्यात जायचं नाही, आणि मी पुन्हा बघेपर्यंत विमानातही बसायचं नाही. मग त्याने ड्रॉवरमधून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड तिच्या कपाळाच्या मध्यावर टेकवलं.

"कोणत्या बाजूला ऐकू येतंय?" त्याने हिंदीत विचारलं.

शिवांगीला आश्चर्य वाटलं. बाहेरचं काहीच ज्या कानात शिरत नव्हतं, त्याच कानात तो स्वर घुमत होता. "डावीकडे," ती म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा सैल झाला. आवाज दुखऱ्या बाजूला गेला म्हणजे वाट तुंबलीय, आतली नस शाबूत आहे, त्याने सांगितलं. वाट मोकळी होते. आवाज चांगल्या बाजूला गेला असता तर नसेची शंका घ्यावी लागली असती, आणि नस बहुधा परत येत नाही.

तरी तिचं मन शांत झालं नव्हतं. क्लासमध्ये डाव्या हाताला मुलींचे बाक होते. शंका तिकडूनच यायच्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उजमा बॅग भरत होती, ती जरा जास्तच आपटून. परतीचं विमान दुपारचं होतं आणि पोर्ट ब्लेअरला नेणारी बोट नऊची.

शिवांगी उठून बसली. "काय झालं?"

"तूच सांग. माझ्यावर कशाचा राग आहे?"

"कसला राग?"

"काल संध्याकाळी दोनदा विचारलं, मी पण तिकीट पुढं ढकलू का म्हणून. तू भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हटलं झोपली असेल. पण आरशात डोळे उघडे दिसले ना मला."

"ऐकूच आलं नाही, उजमा. मी उजव्या कानावर झोपले होते."

"एवढ्या जवळून?"

"एवढ्या जवळून."

उजमाने तिच्याकडे पाहिलं. ती नजर विश्वास न बसल्याची होती, आणि ते दाखवायचं नसल्याचीही. शिवांगीने ती नजर आधी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवेना.

"आता तिकीट पण मिळत नाही," उजमा म्हणाली. "क्लासमध्ये सांगते मी. तुझे तास घेते. पोरं म्हणतील, मॅडम दाब शिकवायला गेल्या आणि दाबूनच आल्या."

दोघी हसल्या. उजमाने तिला मिठी मारली आणि चष्म्याचा डबा घेऊन निघून गेली. टेबलावर आठ वस्तू राहिल्या.

दुपारी ताप उतरला, तशी ती जेवायला गेली. रिसॉर्टच्या उघड्या जेवणघरात मध्यावरचं एकच टेबल रिकामं होतं. चहूबाजूंनी माणसं बोलत होती, पण तिच्यापर्यंत सगळं मिळून एकच आवाज यायचा आणि तो उजवीकडूनच आल्यासारखा वाटायचा. वेटर मागून येऊन काहीतरी बोलला. तिने मान हलवली. त्याने आणखी काही विचारलं, तिने पुन्हा हलवली. बाजूचं जोडपं हसलं, तेव्हा तीही जराशी हसली. मग ते तिच्याकडे पाहू लागले.

थोड्या वेळाने समोर डोक्यासकट एक तळलेला मासा आला. त्याचा डोळा पांढरा झाला होता. शिवांगीच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तिने शेजारचा भात एका कडेने खाल्ला, माशावर कागदी रुमाल पसरला आणि उठली. खोलीत आल्यावर शंख आधी उजव्या कानाला लावला. घुमला. मग डाव्या. नुसतं थंड कवच कानाला लागत राहिलं.

तिने घरी फोन लावला.

*

पडद्यावर नेहमीप्रमाणे आईचा कान दिसला. व्हिडिओ कॉल असला तरी महादेवी फोन कानालाच लावायची. कानातली सोन्याची कुडी, त्यामागे पांढरी बट आणि पलीकडे अंगणातला उजेड. शिवांगी तीन वर्षं दर रविवारी या कुडीशी बोलत आली होती.

"आई, फोन समोर धर."

"हाव हाव." चेहरा आला. "जेवलीस का? ती उजमा कुठं हाय?"

"ती गेली पुढं. मी येते चार-पाच दिवसांनी. जरा सर्दी झालीय."

"मान वाकडी का करून राहिलीस?"

"उशी नीट नाहीये."

महादेवीने फोन जवळ घेऊन लेकीकडे नुसतं पाहिलं. तिच्यामागे शेजाऱ्यांचा कोंबडा आरवला.

"कोणता?" तिने विचारलं.

"काय कोणता?"

"कान."

शिवांगीने पाण्याची बाटली उचलली आणि परत ठेवली. "डावा. पाण्यात गेले होते. पण बरा होणारे. डॉक्टरांनी नादकाटा लावून बघितलं, आवाज दुखऱ्या बाजूला आला. तिकडं आला तर कान परत येतो म्हणे. चांगल्याकडं गेला असता तर अवघड होतं."

"कुणाला सांगितलंस?"

"उजमाला माहितेय."

"आणिक कुणाला सांगू नको."

कालचा एकशे एक ताप, एकटी खोली, आणि आईने विचारलेली पहिली गोष्ट ही. "ठेवते मी," ती म्हणाली.

"थांब, माय. ऐक." महादेवीने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हाटेलात मधी बसू नको. भिंतीकडची खुर्ची धर. डावा कान भिंतीला करायचा, समदी माणसं उजव्या अंगाला आली पायजेत."

"बरं."

"रस्ता वलांडताना आवाजावर जाऊ नको. गाडी आली ते कळतंय, कुठून आली ते कळत न्हाई. दोन्हीकडं बघायचं. आन् एकली हायस तर निजताना चांगला कान वर ठेव."

शिवांगी ऐकत होती.

"माणसं हसली की लगेच हसू नको. आधी त्यांच्या तोंडाकडं बघ. आन् न्हाई ऐकू आलं तर हाव म्हणू नको. परत इचार. लाज धरू नको."

"तू तर सगळ्यांनाच हाव म्हणतेस."

"म्हणून तर सांगून राहिले."

भिंतीवरची पाल हलली आणि पुन्हा स्थिर झाली. शिवांगीला आता आठवलं ती नजर कुणाची. प्रत्येक लग्नात काकू आईकडे तशी बघायची आणि मग बायकांत म्हणायची, महादेवीला लई ताठा, हाक मारली तरी वळून बघत न्हाई. आई पंगतीत नेहमी टोकाला बसायची. एसटीत खिडकी कुणी मागितली तरी सोडायची नाही. कणकेचे हात असले तरी धुऊन, पुसून फोन उजव्याच हाताने घ्यायची. हे सगळं शिवांगीने रोज पाहिलं होतं.

"आई, कधीपासून?"

पडद्यावर पुन्हा कान आला. हे बोलताना महादेवीला समोर बघायचं नसावं.

"नऊ वर्षांची व्हते. देगलूरला. गालफुगी झाली. गाल फुगले, ताप आला, ताप गेला, त्याच्यासंगं कानबी गेला. लग्न जमलं तवा तुझी आजी म्हणली, बोलायचं न्हाई. मग बोलायचं राहूनच गेलं."

"बाबांना?"

"न्हाई माहीत. तूबी सांगू नको."

कुडी जराशी हलली. मग महादेवीने विचारलं, "ते काय म्हणलीस, कपाळाला लावायचं? ते तुझ्या क्लासात असतंय का?"

"असतं."

"हाव का," महादेवी म्हणाली.

*

पाचव्या दिवशी डॉक्टरने पुन्हा बत्ती धरून पाहिलं आणि तिला जायला सांगितलं. हैदराबादहून ती बसने निघाली. देगलूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ती भिंतीकडे, म्हणजे खिडकीकडे, डावा कान करून बसली होती. ते आता गरजेचं उरलं नव्हतं. बाहेर तेलुगूत कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा विकत होतं आणि तो आवाज डावीकडून येत होता.

लातूरला दोन आठवडे तास घेऊन एका शनिवारी ती घरी आली. बॅगेत कपड्यांमध्ये क्लासच्या प्रयोगशाळेतला नादकाटा गुंडाळला होता.

महादेवी ओसरीवर बाजेवर बसून शेंगा फोडत होती. दार तिच्या डाव्या हाताला होतं. शिवांगी शेजारी बसली तोच तिचे बाबा, अण्णाराव, केळीच्या बागेतून आले. दारातून आत येऊन ते बाजेच्या पायथ्याकडून वळसा घालून पलीकडे गेले, वाटेत शेंगांचं टोपलं ओलांडलं, आणि महादेवीच्या उजव्या बाजूला उभे राहून म्हणाले, "गाडी उद्या येतीय. घड मोजून ठेवलेत."

"हाव," महादेवी म्हणाली.

"पोरीला चहा दे." ते पुन्हा वळसा घालून बाहेर गेले. उंबऱ्यावर पाय उचलावा तसं, त्यात ठरवून केल्यासारखं काही नव्हतं. शिवांगी बाहेरच्या वाटेकडे बघत राहिली. मग आईकडे पाहिलं. महादेवी खाली मान घालून शेंगा फोडत होती.

"आणलंस का?" तिने विचारलं.

शिवांगीने नादकाटा काढला. महादेवीने तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"चिमटाच की गं हा. माझ्या डोक्यावर काय भाकर भाजतीस?"

"दुखत नाही काही."

"डाव्या अंगाला आवाज आला तर बरा व्हतो म्हणलीस ना?"

"तसं डॉक्टर म्हणाले. पण आई, तुझं इतक्या वर्षांपूर्वीचं—"

"लाव तू."

तिने टरफलं पदरातून झटकली, पदर डोक्यावरून मागे सारला आणि कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून कपाळावरची जागा बोटाने दाखवली. मग डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. शिवांगीने नादकाटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि बूड अलगद टेकवलं.

"ज्या बाजूला येईल तो हात वर कर."

महादेवीचा डावा हात मांडीवर किंचित हलला. तो तसाच राहिला. नंतर तिने उजवा हात वर केला.

"परत," ती डोळे न उघडता म्हणाली.

शिवांगीने परत लावला. मग आणखी एकदा, नादकाटा जरा जोरात आपटून.

पाचशे बारा हर्ट्झ, कपाळाचा मध्य, तीन वेळा. तिन्ही वेळा उजवीकडे.