भांडं गार लागलं तेव्हा

“मामा, थांबा! ओतू नका!”

केमिस्ट करुणा मॅडम दारातूनच ओरडल्या. लॅबमधले मदतनीस साहेबराव, त्यांचा हात आधीच थांबला होता. काचेचं भांडं हातमोज्यातूनही गार लागलं होतं. पण जवळजवळ निम्मं पाणी बेसिनमधून गेलं होतं.

कुरकुंभच्या त्या लॅबमध्ये बावीस दिवस एकच माल बनत होता. कोपॉलिमर, म्हणजे दोन तऱ्हेच्या तुकड्यांची जोडलेली साखळी. त्याच्या साखळीचा एक तुकडा पाण्यात रमतो, दुसरा पाण्यापासून पळतो. थंड पाण्यात तो विरघळून दिसेनासा होतो. ऐंशी अंशांपर्यंत तापवला की पांढरा होऊन तळाशी बसतो. मग वरचं पाणी मळासकट ओतून द्यायचं. अशा चार धुलाया झाल्या की तो थोड्या गार पाण्यात दाट कालवून त्यात औषध मिसळायचं. इतकं दाट असलं की सुईनं जखमेत सोडल्यावर नुसत्या अंगाच्या उबेनं ते तिथंच थिजतं, औषध हळूहळू सोडतं.

चौथ्या धुलाईला लाइट गेली, हीटर बंद पडला. मॅडम मीटिंगला होत्या. साहेबराव जनरेटरपाशी दोन तास अडकले. थंडीचे दिवस. जनरेटर चालू करून परत आले आणि सवयीनं, थर्मामीटर न बघता, त्यांनी भांडं उचललं.

“तळाला कायच न्हाई,” ते म्हणाले.

“कसं असेल? सगळं परत विरघळलं. तीनला सॅम्पलची गाडी येतेय, मामा.”

“उरलंय ते आदी तापवा. मंग मला काय बोलायचं ते बोला.”

दोघंही थर्मामीटरच्या काट्याकडं बघत उभे राहिले. चाळीस. पन्नास. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं झालं. साठला ते गढुळलं, ऐंशीला तळाशी बसलं. सुकवून वजन केलं. बारा ग्रॅम. हवं होतं वीस.

मॅनेजर सुदर्शन साहेब आले. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. “लाइट गेल्यामुळं नुकसान, असं लिहा. माल घेणारी पार्टी मुदत वाढवून देईल. मामा, तुमचं नोकरीचं एक्स्टेन्शन ह्याच महिन्यात हाय ना?”

“व्हय.”

“मग लिहा की. की लिहायला शब्द जड जातोय?”

साहेबराव पंचेचाळिसाव्या वर्षी न्हावरे गावातल्या साक्षरता वर्गात लिहायला शिकले होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“लाइट गेली व्हती, साहेब. पर थर्मामीटरला लाइट लागत न्हाई. हितं खोटं लिवलं, तर उद्या माझ्या जागी येणारा बी गारच वतंल.”

त्यांनी सावकाश लिहिलं: ‘तापमान न बघता मी ओतलं. साहेबराव.’

सुदर्शन साहेबांनी रजिस्टर मिटलं. “महिनाअखेरपर्यंत गेटवर बसा. पुढचं बघू.”

करुणा मॅडम काही बोलणार होत्या. साहेबरावांनी हातानंच नको म्हटलं.

ड्यूटी सुटायच्या आधी त्यांनी भांडी धुवायला घेतली. गिझरचं कढत पाणी बेसिनमध्ये पडलं आणि जाळीभोवती सकाळचं उरलंसुरलं पांढरं होऊन वर आलं. साहेबरावांनी गार पाण्याचा नळ सोडला. ते पुन्हा विरघळून बेसिन स्वच्छ दिसेपर्यंत तो चालू ठेवला.