बू सालेमपर्यंत, हळूहळू

शाझलीच्या व्हॅनमध्ये पुढे तो आणि प्लंबर नूरुद्दीन बसत. मागे सिमेंटच्या पोत्यांवर गवंडी हमादी पाय पसरून झोपे. सहा वर्षं असंच चाललं होतं. जंदूबा गावातून सकाळी निघायचं, डोंगरात कुणाची न्हाणीघरं, कुणाच्या भिंती करायच्या आणि संध्याकाळी परतायचं. कामाच्या ठिकाणी पोचलं की ते दोघं हत्यारं घेऊन आत जात. शाझली सामान उतरवी आणि मग दिवसभर गाडीत बसून राही.

त्या फेब्रुवारीत ऐन द्राहम या डोंगरातल्या गावाच्या वर एका पाहुणेघराचं काम आटोपून ते परतत होते. दुपारी तीनलाच आभाळ खाली आलं आणि बघता बघता रस्ता पांढरा झाला. एका वळणावर चाक घसरलं आणि गाडी चरात जाऊन बसली. फोनला रेंज नव्हती. तिघांनी ढकलून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं, पण गाडी ढिम्म हलली नाही.

वरच्या बाजूला लाल कौलांचं एक घर होतं. तिथून एक म्हातारी डोक्यावर गोणपाट घेऊन उतरत आली.

"तिथे उभे राहून गाडीला ऊब देताय का रे? चला वर! चूल पेटलेली आहे."

तिचं नाव मबरूका. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर सूस शहरात हॉटेलात स्वयंपाकी होता. तिने तिघांना चुलीपुढे बसवलं, गरम भाकरी काढल्या, ऑलिव्हचं तेल आणि लाल मिरचीची चटणी पुढे ठेवली. तिघांची नावं तिने विचारली ती खाऊन झाल्यावर.

बर्फ तीन दिवस हटला नाही.

दुसऱ्या सकाळी हमादीचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं. छपरातून थेंब थेंब गळत होतं. "मावशी, हे कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. बादली भरली की ओतते. तेवढीच सोबत."

हमादी शिडी लावून वर गेला. पाच कौलं फुटली होती. ती त्याने काढली, गोठ्यावरची चांगली कौलं आणून तिथे बसवली आणि गोठ्यावर पत्रा ठोकला. नूरुद्दीनला मोरीतली नळी थंडीने तडकलेली दिसली. गाडीत उरलेले तुकडे होतेच. दुपारपर्यंत मोरीतल्या नळाला धो धो पाणी आलं. मबरूका ते पाणी ओंजळीत घेऊन नुसती बघत राहिली. "तुमचे हात शाबूत राहोत रे बाळांनो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

शाझलीने दारापुढचा बर्फ काढला. लाकडं फोडली. पुन्हा बर्फ काढला.

"शाझली, तू कशाची दुरुस्ती करणार?" नूरुद्दीनने चहा पिताना टोमणा मारला. "मावशीकडे गाडी असती तर हवा तरी भरली असतीस."

"तो भाकरीची दुरुस्ती करतोय की," मबरूका म्हणाली. "सहावी चाललीय."

सगळे हसले. शाझलीही हसला. पण हातातली भाकरी त्याने खाली ठेवली. अठ्ठावीस वर्षं त्याच्या हातात फक्त स्टिअरिंग होतं. लोकांच्या घरात त्याच्या हातची एक वीटही नव्हती. या बाईने परक्या तिघांना पोटच्या पोरांसारखं घरात घेतलं, आणि परतफेडीला त्याच्याजवळ फोडलेल्या लाकडांचा ढीग. तोही तिच्याच लाकडांचा.

संध्याकाळी रेंज आली तसा मबरूकाचा फोन वाजला. फोनवर नुसती आरडाओरड झाली. "मी म्हणते, बर्फ! बर्फ पडलाय! अगं, बर्फ!" शेवटी तिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

"माझी बहीण, सालहा. बू सालेमला असते. कानांनी धड ऐकू येत नाही आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच आहे. अकरा वर्षं झाली आम्हाला एकमेकींना बघून."

"बू सालेम? अहो, साठ-पासष्ट किलोमीटर!" हमादी म्हणाला. "आमच्या जंदूब्याच्या थोडंसं पुढे. वडापची गाडी दारावरून जाते की तुमच्या."

"गाडी लागते रे मला. साधी नाही. मुलाने एकदा नेलं, तर पहिल्या चार वळणांतच आतडी बाहेर यायची बाकी राहिली. उतरले आणि चालत घरी आले. तेव्हापासून कानाला खडा."

शाझली पुढे सरकला. "मावशी, कधी ढवळतं? वळणावर, की ब्रेक मारल्यावर?"

"दोन्ही वेळा."

"वास सहन होतो? डिझेलचा?"

"नाव नको काढूस."

"मागे बसला होतात की पुढे?"

"मागे. सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. पण नऊ वर्षं मी काचा वाहिल्यात, मावशी. दुकानांच्या दर्शनी काचा, माणसाएवढ्या उंच. तुमचं पोट काय, काच काय, धक्का दोघांनाही चालत नाही. मी नेतो तुम्हाला."

मबरूकाने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुझी गाडी खराब झाली तर?"

"धुऊ."

चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढून काढली. शाझली पहाटेच उठला होता. त्याने गाडी आतून गरम पाण्याने पुसली, चिकट गोंदाचे डबे आणि डिझेलच्या चिंध्या शेजारच्या घरी ठेवल्या, पुढच्या सीटवर घोंगडी घातली. मावशीला कोरडी भाकरी आणि दोन खजूर, बाकी काही नाही. वास घ्यायला हातात संत्र्याची साल.

"तुम्ही दोघं मागे," त्याने सांगितलं. "सिगारेट नाही, भांडण नाही. खिडकी उघडीच राहणार."

"आम्ही थंडीने मरू," नूरुद्दीन म्हणाला.

"गुपचूप मरा."

शाझलीने गाडी सोडली ती बैलगाडीच्या चालीने. वळण यायच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, ब्रेकवर जवळजवळ पाय ठेवायचाच नाही, गाडी आपोआप वळू द्यायची. "मावशी, समोर लांब बघा. तो टॉवर दिसतो? तिथेच नजर ठेवा." पुढच्या वळणाचं तो आधीच सांगे. "आता उजवीकडे जाणार. झालं. आता जरा सरळ." मागे सात-आठ गाड्यांची रांग लागली. एक वडापवाला बाजूने जाताना ओरडला, "अंडी नेतोस काय रे?"

"त्याहून महाग!" शाझलीने ओरडून सांगितलं.

फर्नानाच्या अलीकडे, उताराच्या शेवटच्या वळणावर, मबरूकाचा चेहरा पिठासारखा झाला. तिने त्याचा दंड धरला. त्याने हळूच गाडी कडेला घेतली. दार उघडलं, तिला उतरवलं आणि दोघं रस्त्याच्या कडेने चालू लागले. नूरुद्दीन मागून पाण्याची बाटली घेऊन धावला. हमादीने आपलं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. दोनशे पावलं झाली असतील.

"परत न्यायचं का, मावशी?"

"इतक्या लांब आल्यावर? चल मुकाट्याने."

खाली सपाटी लागली, दोन्ही बाजूंना हिरवा गहू दिसू लागला, तेव्हा तिच्या तोंडावर रंग आला. जंदूब्यात शाझलीने गाडी थांबवली. "उतरा रे, तुमची घरं आली." कुणी उतरलं नाही.

"नळी मी बसवली," नूरुद्दीन म्हणाला, "पण बहीण बघायची म्हणजे बघायचीच."

पाच तास लागले. सालहाचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. तिच्या सुनेने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. आत पलंगावरची म्हातारी मान वळवून बघत राहिली. मबरूका उंबऱ्यातूनच ओरडली, "उलटी झाली नाही! सालहा, ऐकतेस का? एकदाही नाही!"

सालहाला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. तिने दोन्ही हात पुढे केले, आणि मबरूका चपला न काढताच धावली. मग बराच वेळ दोघींच्या रडण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

तिघं अंगणात उभे होते. नूरुद्दीनने नाक पुसलं. "सहा वर्षं तुझ्या शेजारी बसलो," तो म्हणाला, "तू असं चालवतोस हे कळलंच नाही कधी."

"तू गप्प बसलास तर कळणार ना."

मबरूका बाहेर आली, तिने शाझलीचे दोन्ही हात धरून त्यांवर कपाळ टेकवलं. "मावशी, तुमची भाकरी खाल्ली मी," एवढंच तो म्हणाला. परतताना गाडीत मबरूका नव्हती, तरीही तो सावकाशच चालवत होता. अल्लाने आपल्याला भलत्याच वळणावर घसरवलं आणि किती मेहेरबानी केली, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

दहा दिवसांनी त्याने बू सालेमला फोन केला. आणायला कधी येऊ, म्हणून विचारलं.

"घाई काय आहे?" मबरूका म्हणाली. मागे सालहा मोठ्याने काहीतरी सांगत होती. "आम्ही आता कुठे आईच्या मरणापर्यंत आलोय. अजून दोघींच्या नवऱ्यांबद्दल बोलायचंय. पुढच्या महिन्यात ये. आणि येताना बायकोला घेऊन ये, तिलाही कळू दे तू काय करतोस."