नखभर पुढे, नखभर मागे

मला कोणी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी इंजिनाच्या पोटात राहतो. बॉनेट उघडून वाकून बघणारे पुष्कळ येतात, ‘हं, हं’ म्हणतात आणि बॉनेट लावून निघून जातात. तरीही आज मी बोलणार आहे, कारण मी खुशीत आहे. मी एका छोट्या पांढऱ्या गाडीतला फेजर.

नाव ऐकून बिचकू नका, काम सोपं आहे. इंजिन तुमच्यासारखाच श्वास घेतं. हवा आत यावी म्हणून त्याच्या झडपा उघडतात, मिटतात. जुन्या इंजिनांत त्यांची वेळ कायमची ठरलेली असायची. गाडी चढावर धापा टाकू दे नाहीतर सिग्नलला उभी राहू दे, झडप आपली ठरल्या वेळीच उघडणार. आता मला सांगा, जिना चढताना आणि आरामखुर्चीत बसल्यावर तुम्ही एकसारखा श्वास घेता का? मग! मी त्या वेळा बदलतो. झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या टोकाला मी बसलेला असतो. माझ्या पोटातल्या पात्यांच्या एका बाजूला ऑइल जोरात शिरलं की मी दांडा नखभर पुढे फिरवतो, दुसऱ्या बाजूला शिरलं की नखभर मागे. पुढे फिरवला की झडपा जरा लवकर उघडतात आणि चढावर गाडीला दम येतो. एवढंच माझं काम, पण त्या नखभरात सगळी गंमत आहे.

मी जन्मलो तो एका लांबलचक कारखान्यात. तिथे तपासणी करणाऱ्या बाई प्रत्येकाला उचलून कानाशी हलवून बघत. मलाही त्यांनी हलवलं. “वाजत नाही. शहाणा आहे,” असं म्हणून त्यांनी मला पेटीत ठेवलं. कौतुकाचे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते हे.

माझे पहिले मालक निवृत्त ग्रंथपाल होते. माणूस देवासारखा, पण गाडीतही वाचनालयात बसल्यासारखे बसायचे. आवाज नको, घाई नको. घर ते बँक, बँक ते घर, रस्ता सपाट. मी आपला आतल्या छोट्या खुंटीला अडकून पेंगत पडलेला. वर्षानुवर्षं मला कोणी हलवलं म्हणून नाही. पुढे त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि ती विकून टाकली.

घेतली ती एका सुनेनं. तिचा नवरा परगावी नोकरीला. ती स्वतः एका गोदामात दिवसभर खोकी बांधायची आणि त्या खोक्यांना पार विटली होती. गाडी भाड्यानं चालवायची, असं तिनं मनाशी घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं गाडी थेट टेकडीच्या चढाला घातली. माझी खुंटी सुटली, ऑइल सळसळत आत आलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुरता पुढे सरकलो. अहो, काय सांगू तुम्हाला! “अगं बाई, ही तर पळते!” ती ओरडली. मीही ओरडलो असतो, तोंड असतं तर.

तिच्या घरात सासरे होते. जन्मभर ट्रक चालवलेले, त्यामुळे सगळी आळी त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांची एक सवय होती. कुठलंही इंजिन दिसलं की ऑइलची पट्टी ओढायची, थेंब चिमटीत धरायचा, चोळायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या ऑइलचा निकाल कायम एकच: “हे ऑइल आहे का पाणी?”

टेकडीवर एक दवाखाना होता. खालून नर्सना आणि पेशंटना वर न्यायला त्यांना कायमची एक गाडी हवी होती. मेट्रनबाई स्वतः भरल्या गाडीतून वर जाऊन बघणार होत्या. गाडी न रडता चढली तर काम सुनेचं, नाहीतर दुसऱ्याचं. म्हणजे सुनेला पुन्हा तीच खोकी.

परीक्षा दुपारी होती. पहाटेच उस्ताद उठले. पोरीची एवढी मोठी परीक्षा आणि तिच्या इंजिनात हे पाणी, हे त्यांना बघवेना. त्यांनी माळ्यावरून ट्रकच्या ऑइलचा जपून ठेवलेला डबा काढला, माझं पातळ ऑइल काढून टाकलं आणि डब्यातलं ते दाट ऑइल काळजीनं गाळून भरलं. सुनेला पत्ताही नाही. इतक्या प्रेमानं माझा गळा आजवर कोणी आवळला नव्हता.

सकाळी ती सरावाला निघाली. चढ लागला. मी ऑइलची वाट बघतोय, आणि ते माझ्या बारीक वाटांतून येता येईना. मी अडकलो तिथेच. गाडी कण्हत कण्हत थांबली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. कशीबशी गाडी वळवून तिनं गॅरेज गाठलं. आळीतून कण्हत गेलेली गाडी बघून मागोमाग उस्ताद सायकलवरून हजर.

गॅरेजवाल्यानं यंत्र जोडून पाहिलं. “वहिनी, फेजर गेलाय. नवीन मागवावा लागेल. आठवडा तरी धरा.”

“आज दुपारीच जायचंय हो मला!”

“मी तरी काय करू?”

मी गेलेलो नव्हतो हो! पण ऐकणार कोण? त्यानं मला बाहेर काढायची तयारी केली. आधी ऑइल रिकामं करायला खालचा बोल्ट सोडला. ऑइल बाहेर आलं ते मधासारखं, सावकाश. तो बघतच राहिला.

“वहिनी, हे काय भरलंय? कोणी भरलं?”

“मी नाही बाई.”

उस्ताद गॅरेजचं छत न्याहाळत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“बाबा?”

“अगं, ते पाणी होतं...”

“बाबा, मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर घालू दिलं असतंस का?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “सूनबाई, आज तुझं काम गेलं ना, तर तुझ्या जागी मी जाऊन खोकी बांधीन.”

डोळ्यांत पाणी आलेली सून खुदकन हसली. “तुम्ही? गाठ तरी मारता येते का?” मग गॅरेजवालाही हसला, आणि त्यानं धडाधड फिल्टर बदलून मला माझं ऑइल परत दिलं. अंगात पुन्हा जीव आल्यासारखं वाटलं मला.

दुपारी मेट्रनबाई पुढे बसल्या, मागे धिप्पाड नर्सेस. बाईंचं बोलणं सुरू झालं: वॉर्डातल्या चादरी, धोबी, धोब्याचा मेहुणा. सुनेनं गाडी चढाला घातली. ऑइल आलं, मी सरकलो, झडपा लवकर उघडल्या, इंजिनानं छाती भरून श्वास घेतला. वळणामागून वळण गेलं. मेहुण्याची हकिगत काही संपेना. शेवटी बाईंनीच हात वर केला.

“ते असू दे. तो चढ कधी येणार?”

“आला आणि गेला, बाई. हा तुमचा दवाखाना.”

बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं, मग सुनेकडे. “उद्या सकाळपासून येत जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आमचा रोजचा रस्ता तोच. वर जाताना कण्हणारे पेशंट उतरताना गाणी गुणगुणतात, त्यांची बाळं मागच्या सीटवर झोपून जातात. उस्ताद अजून ऑइल चिमटीत चोळतात, नाक मुरडतात आणि मुकाट्यानं तेच पातळ ऑइल भरतात.

आता माझंही वय झालं. सकाळी गाडी सुरू होताना मी जरा खडखडतो. एक दिवस मला खरोखरच काढतील, त्याचं मला दुःख नाही. विनंती एवढीच आहे, सूनबाई, त्या दिवशी मला तू सकाळी काढू नकोस. संध्याकाळी काढ, शेवटची खेप वर पोचवून झाल्यावर.