मागच्या सीटवरचा वर्ग

गोटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लोकांना हसवायचं एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात होतं. त्यापायी तिने कॉलेजात लेखन हा विषय घेतला, पण त्याचा वर्ग ऑनलाइन. आता मला सांगा, हसवायचं तर समोर माणूस नको का? इथे समोर नुसते अकरा चौकोन. निम्मे काळे, उरलेल्यांत कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा. त्यात मॅडमचा नियम कडक. एकाने वाचायचं, बाकीच्यांचे माइक बंद, आणि कुणाचा चुकून आवाज आला तर त्या दिवसापुरता तो वर्गाबाहेर. गोटी जीव तोडून विनोदी गोष्ट वाचायची आणि शेवटी कानात काय, तर ठार शांतता. मग कुणीतरी ‘छान’ एवढं लिहायचं आणि मॅडम पुढच्याचं नाव घ्यायच्या.

असं चार वेळा झालं आणि पोरीचा धीरच सुटला. आपल्याला हसवता येत नाही, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. विषय बदलायची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. लेखन सोडून संख्याशास्त्र घ्यायचा अर्ज तिने भरून ठेवला, नुसता पाठवायचा बाकी. तीनच्या वर्गात एकदा शेवटचं वाचायचं आणि पुन्हा तीच शांतता आली की मोकळं व्हायचं. रडली का? रडली तर. आईपासून लपवून रडली, पण आईपासून काय लपतंय!

नेमकं त्याच दुपारी वरच्या मजल्यावर फरशी फोडायला घेतली. घरात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. ते म्हणाले, मागच्या सीटवर बस आणि घे तुझा वर्ग, आमचं आम्ही बघतो. त्या तासाला शिकायला होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. शेकड्यांनी दाढा उपटलेली बाई, पण स्टिअरिंग हातात आलं की तिच्याच तोंडाला कोरड पडायची. बाबा शेजारी बसून ‘क्लच’, ‘आरसा’, ‘हळू’ एवढंच बोलायचे. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होता, म्हणून तर बाई गाडीत बसायचं धाडस करत होत्या.

गोटीने इअरफोन कानात खुपसले आणि वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका भिडस्त काकांची. काका बिघडलेला मिक्सर परत करायला जातात आणि दुकानदाराचं मन मोडवत नाही म्हणून दुसरा मिक्सर घेऊन घरी येतात. काकू कपाळाला हात लावतात. मग काका दुकानदाराला झापायची तालीम करायला दोन्ही मिक्सर समोर मांडतात, एकाला चांगलं खडसावतात आणि लगेच त्याची माफी मागतात.

इथे पुढच्या सीटवरून नाकातल्या नाकात एक आवाज आला. बाबा म्हणाले, लक्ष रस्त्यावर ठेवा. पण त्यांचाच आवाज कापरा झाला होता.

गोटी आपल्या नादात. दोन बगलेत दोन मिक्सर घेऊन काका दुकानापाशी पोचतात. दार ढकलायला हात मोकळा नाही. तर दुकानदार स्वतः येऊन दार उघडतो...

डॉक्टरीणबाईंचा बांध फुटला. पाय क्लचवरून निसटला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. बाबांनी ब्रेक दाबला म्हणून बरं. मागे हॉर्नचा गलका आणि बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसताहेत.  गाडीतला सगळा गोंधळ तिकडे ऐकू गेला होता. गोटीने मॅडमची माफी मागितली.

“अगं, माफी कसली मागतेस?” मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. “मी मघापासून माइक बंद करून हसतेय. चला रे, सगळे आपापले माइक चालू करा.”

आणि कानात असा हशा कोसळला की गोटीने इअरफोनची वायरच फोनमधून ओढून काढली. गाडीभर तो आवाज झाला. एक मुलगा म्हणाला, मागच्या वेळी तर तो उशीत तोंड खुपसून हसला होता, मॅडम बाहेर काढतील म्हणून. गोटीला हसू का रडू झालं. पाच, मुदत, अर्ज, सगळं तिच्या डोक्यातून साफ गेलं.

बाबांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि इंजिन बंद करवलं. पुढचा शिकाऊ माणूस चौकात वाट बघत होता. वीस वर्षांत बाबा कुणाकडे मिनिटभर उशिरा गेले नव्हते. त्यांनी त्याला फोन लावला.

“पंधरा मिनिटं उशीर होईल. नाही नाही, गाडी ठणठणीत आहे. माझी मुलगी गोष्ट वाचतेय, ती संपली की निघतो.”

फोन खिशात टाकून ते सीटवर मागे वळून बसले.

“हं. दुकानदाराने स्वतः येऊन दार उघडलं. पुढे?”