बयाबाईच्या झेंडूतली स्वयंभू देवी

वणीच्या अलीकडे आमच्या गावाचा माळ आहे. झाड नाही, खडक नाही, नुसतं गवत. त्या दिवशी तिथे जत्रेसारखी गर्दी लोटली होती. मधोमध दिगंतनाथ महाराज आभाळाकडे तोंड करून उभे. छातीशी भगव्या फडक्यात गुंडाळलेली लाकडी पेटी. बराच वेळ काहीच घडेना. मग महाराज पेटीत डोकावले, "आली" म्हणून हुंकारले आणि तरातरा चालू लागले. एका जागी थांबून गरागरा घुमले, बोट दाखवलं. कुदळ पडली आणि मातीतून चांदीच्या पादुका निघाल्या. वर चांगलं गवत माजलेलं. म्हणजे कुणी आत्ता आणून पुरलेल्या नाहीत, असं सरपंच सहादूने ठणकावून सांगितलं. साल २००४. लोकांच्या खिशात मोबाइल आले होते, डोकी मात्र रिकामीच होती.

पुढच्या मंगळवारी स्वयंभू मूर्ती प्रकटणार, तीही बयाबाईच्या झेंडूच्या वावरात, असं महाराजांनी जाहीर केलं. देवी निघेल ती जमीन देवीची, तिथे मठ होणार. वावर डांबरी रस्त्याला लागून होतं. माळावरची फुकटची जागा देवीला कशी आवडली नाही, हे कुणी विचारलं नाही.

बयाबाई विधवा. त्याच वावरावर तिने पोरं वाढवली होती. पण ती भाविक. सहादू रोज येऊन बसू लागला, तेव्हा शेवटी तिने शब्द दिला की देवी निघाली तर आपण नाही म्हणणार नाही. त्यानंतर तिला अन्न जाईना.

एका सकाळी तिला कोपऱ्यातली काही रोपं माना टाकलेली दिसली. मूळकूज असेल म्हणून तिने खुरप्याने उकरलं, तर शेंदूर फासलेली मूर्ती हाताला लागली. वावर गेलंच, असं वाटून ती तिथेच बसून रडली. मग तिने नाशिकला कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या भाचीला, प्रतिभाला, बोलावून घेतलं.

प्रतिभाने मूर्ती उलटी केली. तळाशी दुकानाचं लेबल होतं.

"आत्या, स्वयंभू देवी दुकानातून येते का?"

बयाबाईने त्या लेबलावरून बोट फिरवलं. "पण मंग त्या महाराजाला एवढ्या माळावर जागा कशी घावली?"

प्रतिभाने सगळी हकिगत नीट विचारून घेतली आणि मूर्ती घरातच ठेवायला सांगितली.

मंगळवारी महाराज झेंडू तुडवत आले, घुमले. कुदळ पडली. काही नाही. आणखी खोल खणलं, तरी माती. कुणा पाप्याची नजर लागली, देवी रुसली, असं ते सांगू लागले.

बयाबाईने पदराआडून मूर्ती काढून सहादूच्या हातात दिली. "रुसली नाय. मीच काढून ठिवली. खालचं दुकानाचं नाव वाचा."

सहादूने वाचलं आणि मान खाली घातली. महाराज निसटू लागले, तेव्हा लोकांनीच त्यांना धरलं. प्रतिभाने पेटी उघडली. आत मुठीएवढं यंत्र, त्याच्या पडद्यावर एक बाण.

तिने समजावून सांगितलं. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह सतत संदेश पाठवतात. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र त्या उपग्रहाचं अंतर काढतं. निदान चार उपग्रह सापडले की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. त्यासाठी आभाळ मोकळं लागतं आणि थोडा वेळ जातो. महाराज वर बघत उभे राहत ते त्यासाठी. पादुका पावसाआधी पुरायच्या, ती जागा यंत्रात साठवायची, गवत उगवलं की बाणामागे चालायचं. यंत्र काही पावलं चुकतं, म्हणून शेवटी घुमायचं आणि पुरताना ठेवलेली खूण हेरायची.

कुणाकुणाला पटेना. मग प्रतिभाने बांधावरच्या दगडाची जागा यंत्रात साठवली, सहादूला लांब नेऊन यंत्र त्याच्या हातात दिलं आणि पडद्याखेरीज काही दिसू नये म्हणून त्याच्या डोक्यावरून चादर टाकली. सहादू चादरीखाली ठेचकाळत निघाला आणि दगडापासून दोन पावलांवर थांबला. "सहादू महाराज की जय," मागून कुणीतरी म्हणालं. सहादू सोडून सगळे हसले.

भामट्याला पोलिसांनी नेलं. त्या दसऱ्याला बयाबाईचा उरलेला झेंडू नाशिकच्या बाजारात गेला.

कित्येक माणसांनी आयुष्यभर गणितं मांडून ते यंत्र घडवलं. त्या भुरट्याने ते फडक्यात गुंडाळून एका बाईची जमीन लुबाडायला वापरलं, आणि आपण टाळ्या पिटत मागे धावलो. देवीला माना, न माना, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण हात जोडण्याआधी विचारा: हे कसं झालं, आणि यात फायदा कुणाचा? उत्तराऐवजी शापाची भीती घालणाऱ्याला खुशाल लबाड समजा.